व्यावसायिक रेडिओ केंद्रांची स्थानिक मालकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओ केंद्र विकलं जातं तेव्हा ऐकणाऱ्याला लगेच काही जाणवत नाही. नाव तेच असतं, गाणी तीच असतात. काही महिन्यांनी सकाळचा निवेदक दिसेनासा होतो, मग दुपारच्या बातम्यांतून गावाचं नाव गळतं आणि एक दिवस फोन केला तर दुसऱ्याच शहरातलं कोणीतरी तो उचलतं. या प्रवासाबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

स्थानिक मालकी म्हणजे नेमकं काय?

केंद्र ज्या भागासाठी प्रक्षेपण करतं, त्या भागात राहणाऱ्या किंवा तिथेच व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या हातात केंद्राचं नियंत्रण असणं. ती एक व्यक्ती असेल, एखादं कुटुंब असेल, पाच-पंचवीस भागधारकांची छोटी कंपनी असेल किंवा सहकारी संस्था असेल. शेअर किती टक्के यापेक्षा निर्णय कोण घेतं हे जास्त महत्त्वाचं. निवेदकाला ठेवायचं की काढायचं, बातमीदार नेमायचा की नाही, पुराच्या दिवशी जाहिराती बाजूला सारून सलग माहिती द्यायची की नाही, हे ठरवणारा माणूस त्या पट्ट्यात राहत असेल तर मालकी स्थानिक म्हणावी.

केंद्र स्थानिक असलं की झालं, मालक कुठला का असेना. असं नाही का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि चर्चेत त्यांची सतत गल्लत होते. मालक परगावचा आणि कार्यक्रम अस्सल स्थानिक, अशी चांगली केंद्रं आहेत. मालक गावातला आणि दिवसभर बाहेरून विकत घेतलेले कार्यक्रम, अशीही आहेत. फरक टिकण्याचा आहे. परगावच्या मालकाकडे स्थानिक कार्यक्रम हे ताळेबंदातल्या एका ओळीसारखे असतात. वर्ष वाईट गेलं की ती ओळ आधी खोडली जाते. गावातल्या मालकाला तोच खर्च कापताना ओळखीच्या लोकांना तोंड द्यावं लागतं. तेवढ्यानेही कित्येक वाईट निर्णय लांबणीवर पडतात, काही तर रद्द होतात.

ऐकणाऱ्याला याने प्रत्यक्ष काय फरक पडतो?

आयर्लंडमधलं उदाहरण घ्या. तिथल्या अनेक स्थानिक व्यावसायिक केंद्रांवर रोज ठरलेल्या वेळी मृत्यूच्या सूचना वाचल्या जातात. गेलेल्या माणसाचं नाव, गाव, अंत्यदर्शन कुठे, अंत्यविधी किती वाजता. या काही मिनिटांत कोणी गाणं लावत नाही, विनोद करत नाही. शेकडो किलोमीटरवरच्या मुख्यालयात बसून वेळापत्रक आखणाऱ्याला या मिनिटांचं मोल कळणं अवघड आहे, कारण श्रोतृसंशोधनाच्या तक्त्यात ते उमटत नाही. त्या परगण्यात राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. ती मिनिटं काढून टाकली तर दुसऱ्या दिवशी काय होईल, हे त्याला नीट ठाऊक असतं.

शाळा बंद आहे का, पुलावर पाणी आलंय का, नगरपालिकेच्या सभेत काल कशावरून खडाजंगी झाली, हे सगळं याच जातीचं. प्रत्येक गोष्ट एकेकटी क्षुल्लक वाटते. पण यातूनच केंद्र गावाचं होतं आणि सवयीने ऐकलं जातं. तीच सवय संकटाच्या रात्री कामाला येते.

संकटाच्या रात्रीचं उदाहरण म्हणून मायनॉटचं नाव नेहमी का घेतात?

मायनॉट हे अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं शहर. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर दीड वाजून गेल्यावर शहरालगत मालगाडी घसरली. पाच टाक्या फुटल्या आणि निर्जल अमोनियाचा ढग कडाक्याच्या थंडीत वस्तीवर पसरला. एका रहिवाशाचा मृत्यू झाला, शेकडो लोकांना इजा झाली. घराबाहेर पडायचं की दारं-खिडक्या बंद करून आतच थांबायचं, हे लोकांना तातडीने सांगणं गरजेचं होतं. अमोनियाच्या ढगात बाहेर पडणं जास्त धोक्याचं ठरू शकतं.

शहरातली सहाही व्यावसायिक रेडिओ केंद्रं तेव्हा क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीची होती. आणीबाणीसाठी नेमलेल्या केंद्रावर पोलिसांनी फोन लावले, पण ते लागेनात. कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. केंद्रात माणूस होता आणि सरकारी यंत्रणेने आणीबाणी-सूचनेचं उपकरण नीट वापरलं नाही, असं तिने सांगितलं. या खुलाशात तथ्य होतंच, यंत्रणेकडूनही चुका झाल्या होत्या. तरी एक गोष्ट उरतेच. सहा केंद्रांचे सहा मालक असते, तर फोन उचलायला सहा वेगवेगळ्या जागा असत्या आणि कोणत्या तरी मालकाच्या घरचा नंबर पोलिसांकडे असता. एकाच जागी सगळं गोळा केल्यावर एकाच जागी सगळं अडतं.

म्हणजे मोठ्या कंपन्या आणीबाणीत निरुपयोगी असतात?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा एंटरकॉम आणि क्लिअर चॅनेल या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपली केंद्रं जोडून एकच संयुक्त प्रसारण चालवलं. लोक त्यावर फोन करत होते, छतावर अडकलेल्यांचे पत्ते सांगत होते. मोठ्या कंपनीकडे पर्यायी स्टुडिओ असतो, जनरेटर असतात, दुसऱ्या शहरातून पाठवता येतील असे तंत्रज्ञ असतात. छोट्या मालकाचा एकुलता एक ट्रान्समीटर पाण्याखाली गेला की त्याचा आवाज बंद.

पण न्यू ऑर्लिन्समध्ये त्या कंपन्यांकडे शहर ओळखणारे बातमीदार आणि निवेदक होते, हे विसरू नये. रस्त्याचं नाव ऐकल्यावर तिथे पाणी किती असेल हे सांगणारा माणूस माइकसमोर नसेल, तर जनरेटर असूनही हाती काही लागत नाही.

इतकी केंद्रं मोजक्या कंपन्यांच्या हातात गेली कशी?

याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिका, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

तिथे १९२७ च्या रेडिओ कायद्यापासून तत्त्व असं की ध्वनिलहरी जनतेच्या आहेत आणि परवाना 'जनहित, सोय आणि गरज' पाहून मिळतो. मालकीवर कडक मर्यादा होत्या. १९५० च्या दशकात एका मालकाला देशभरात सात एएम आणि सात एफएम केंद्रं, इतकीच मुभा होती, आणि एकाच बाजारपेठेत, म्हणजे एकाच शहर-परिसरात, एकाच प्रकारची दोन केंद्रं ठेवता येत नसत. १९८० च्या दशकात सातचे बारा झाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक छोटी केंद्रं तोट्यात आहेत हे कारण देऊन मर्यादा आणखी सैल केली गेली आणि स्थानिक पातळीवरही दोन-दोन केंद्रं घेण्याची वाट मोकळी झाली.

खरा बांध फुटला तो ८ फेब्रुवारी १९९६ रोजी. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली आणि रेडिओची देशपातळीवरची मर्यादा पूर्णच संपली. स्थानिक मर्यादा उरली, पण तीही ऐसपैस. ४५ किंवा जास्त केंद्रांच्या बाजारपेठेत एका मालकाला आठ केंद्रं, १४ किंवा कमी केंद्रांच्या छोट्या बाजारपेठेत पाच, फक्त निम्म्यापेक्षा जास्त नकोत. क्लिअर चॅनेलकडे तेव्हा चाळीसच्या आसपास केंद्रं होती. काही वर्षांतच ती बाराशेच्या वर गेली.

या लाटेत केंद्र विकणारे बहुतेक जण छोटे, कौटुंबिक मालक होते. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण शेजारची पाच केंद्रं एका हातात गेली आणि त्या पाचांनी मिळून जाहिरातींचं पॅकेज विकायला सुरुवात केली, की सहाव्याला एकट्याने तग धरणं जवळपास अशक्य होतं. शिवाय समोर ठेवलेली किंमत त्याने आयुष्यभरात कमावलेल्या नफ्यापेक्षा मोठी असायची. वय झालेलं, मुलं दुसऱ्या व्यवसायात, अशा घरात त्या कागदावर सही होणारच.

एकत्रीकरणात खर्च वाचतो म्हणतात. तो कुठे वाचतो?

मुख्यतः माणसांत. सहा केंद्रं एका इमारतीत आली की स्वागतकक्ष एक, हिशेब विभाग एक, तंत्रज्ञ एक. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नसावी. मग जाहिरात विक्रीची टीम एक होते. मग बातमी विभाग एक होतो आणि तीच बातमी सहा आवाजांत किंवा एकाच आवाजात सहा ठिकाणी वाचली जाते.

यानंतर येतं व्हॉइस ट्रॅकिंग. निवेदक दोन गाण्यांच्या मधली वाक्यं आधीच रेकॉर्ड करून ठेवतो आणि संगणक ती योग्य जागी बसवतो. चार तासांचा कार्यक्रम तासाभरात तयार होतो. एकच निवेदक दूरच्या शहरात बसून अर्धा डझन गावांसाठी अशी वाक्यं रेकॉर्ड करू शकतो, प्रत्येक गावाच्या जत्रेचं आणि चौकाचं नाव टिपणावरून वाचून. ऐकणाऱ्याला तो आपल्याच गावात बसलाय असं वाटतं. तंत्र म्हणून यात वाईट काही नाही. छोटं केंद्र रात्रीची पाळी याच तंत्रावर चालवतं आणि वाचलेल्या पैशात दिवसाचा बातमीदार ठेवतं. पण सकाळ-संध्याकाळही असंच भरून काढलं, तर केंद्रात बाहेरचं आभाळ बघणारं कोणी उरत नाही.

अमेरिकेत पूर्वी केंद्राचा मुख्य स्टुडिओ आपल्या गावात किंवा जवळपासच असावा असा नियम होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या नियामक आयोगाने तो काढून टाकला.

कर्जाचा मालकीशी काय संबंध?

मला विचाराल तर सगळ्यात मोठा, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

केंद्रं विकत घेताना कंपन्यांनी प्रचंड कर्जं काढली. क्लिअर चॅनेल २००८ मध्ये खासगी गुंतवणूक संस्थांनी कर्जाच्या जोरावर विकत घेतली. या प्रकारच्या व्यवहारात कर्ज विकत घेणाऱ्याच्या नव्हे, तर विकत घेतलेल्या कंपनीच्या डोक्यावर बसतं. त्याच सुमारास जगभर मंदी आली, जाहिराती आटल्या, पुढे इंटरनेटने उरलेल्या जाहिराती ओढल्या. आयहार्टमीडिया हे नवं नाव घेतलेली ही कंपनी मार्च २०१८ मध्ये २० अब्ज डॉलरहून जास्त कर्जासह दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. क्युम्युलस ही दुसरी मोठी कंपनी त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली होती. ऑडेसी ही आणखी एक मोठी कंपनी जानेवारी २०२४ मध्ये.

यातलं दुःख असं की दरम्यान कित्येक गावांतली केंद्रं स्वतःपुरती नफ्यात होती. गावातला जाहिरातदार पैसे भरत होता, श्रोता ऐकत होता. पण तो नफा व्याजात जात होता, आणि व्याज पुरं पडेना म्हणून त्याच गावातल्या निवेदकाची नोकरी जात होती. 'स्थानिक रेडिओ परवडत नाही' असं म्हटलं जातं तेव्हा हे आधी तपासायला हवं : केंद्र परवडत नाहीये, की केंद्रावर लादलेलं कर्ज परवडत नाहीये?

मालक जास्त असले म्हणजे विविधता जास्त, हे सिद्ध झालंय का?

संगीताच्या बाबतीत नाही, उलट आहे. पीटर स्टायनर या अर्थतज्ज्ञाने १९५२ मध्येच दाखवलं होतं की स्पर्धेतली केंद्रं सगळ्यात लोकप्रिय प्रकारावरच तुटून पडतात. पाच मालक असतील तर चौघं तीच हिट गाणी लावतील. पाचही केंद्रं एकाच मालकाची असतील तर तो स्वतःशीच स्पर्धा करणार नाही. एक हिट गाण्यांचं, एक जुन्या गाण्यांचं, एक बोलक्या कार्यक्रमांचं अशी वाटणी करेल. स्टीव्हन बेरी आणि जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९६ च्या कायद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अमेरिकी आकड्यांवर काम करून २००१ मध्ये साधारण हेच मांडलं. केंद्रांची संख्या घटली, पण प्रकारांची विविधता वाढली.

हे अभ्यास मी मानतो. स्थानिक मालकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते टाळू नयेत. मात्र ते कार्यक्रमाच्या प्रकारांवर लावलेली लेबलं मोजतात. एकाच बाजारपेठेत रॉक, कंट्री आणि जॅझची तीन वेगळी केंद्रं असली आणि तिन्हींवर नगरपालिकेची बातमी एकाच टेबलावरून येत असली, किंवा येतच नसली, तर ते या मोजणीत दिसत नाही. गाण्यांची विविधता एक मालक देऊ शकतो. बातमीतल्या मतभेदांसाठी मात्र मालकच वेगळे लागतात.

स्थानिक मालक वाईटही असू शकतो ना?

असू शकतो, आणि तो वाईट असला की त्याची झळ जास्त जवळून लागते. गावातलं वर्तमानपत्र आणि रेडिओ एकाच घराण्याकडे असेल आणि त्या घरातला कोणी निवडणुकीला उभा असेल, तर विरोधी उमेदवाराने कुठे जायचं? सगळ्यात मोठा जाहिरातदार मालकाचा व्याही असेल, तर त्याच्या कारखान्याच्या सांडपाण्याची बातमी लागेल का? परगावच्या कंपनीला या नात्यांची पर्वा नसते आणि कधी कधी तिची ही अलिप्तताच पत्रकाराला वाचवते.

म्हणूनच कोणत्याही शहाण्या नियमावलीत दोन मर्यादा लागतात. बाहेरच्याने सगळं गिळू नये ही एक, आणि गावातल्या एकानेच सगळं गिळू नये ही दुसरी. एका बाजारपेठेत किती केंद्रं, आणि रेडिओसोबत वर्तमानपत्र व टीव्ही ठेवता येतील का, हे प्रश्न या दुसऱ्या मर्यादेचे आहेत.

वेगवेगळ्या देशांत नियम कसे आहेत?

ऑस्ट्रेलियात १९९२ च्या प्रसारण सेवा कायद्यानुसार एका परवाना क्षेत्रात एका व्यक्तीच्या नियंत्रणात दोनपेक्षा जास्त व्यावसायिक रेडिओ परवाने असू शकत नाहीत. शिवाय प्रादेशिक केंद्रांना कामाच्या दिवशी स्थानिक कार्यक्रमांची किमान वेळ पाळावी लागते, बहुतेकांसाठी ती तीन तास आहे. केंद्राचं नियंत्रण बदललं की स्थानिक बातम्यांच्या जादा अटी लागू होतात. ही तरतूद मला महत्त्वाची वाटते, कारण विक्रीचा क्षणच सगळ्यात धोक्याचा असतो आणि नियम नेमका तिथे जागा होतो.

कॅनडात आठपेक्षा कमी व्यावसायिक केंद्रांच्या बाजारपेठेत एका मालकाला तीन केंद्रांपर्यंत परवानगी आहे. मोठ्या बाजारपेठेत दोन एएम आणि दोन एफएम अशी मर्यादा होती. २०२२ मध्ये ती एफएमच्या बाजूने थोडी सैल झाली. परकी मालकीवरही बंधन आहे.

आयर्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने स्थानिक व्यावसायिक रेडिओ सुरू झाला, तोच प्रसारणवेळेच्या २० टक्के भाग बातम्या आणि चालू घडामोडींना द्यायच्या अटीवर.

न्यूझीलंड दुसऱ्या टोकाला गेलं. १९८९ च्या कायद्याने तिथे फ्रिक्वेन्सी विकता-विकत घेता येणारी मालमत्ता झाली, पुढे परकी मालकीची मर्यादाही गेली. आज तिथला बहुतांश व्यावसायिक रेडिओ दोन कंपन्यांकडे आहे.

ब्रिटनमध्ये तर स्थानिक रेडिओची परंपराच होती. तिचं काय झालं?

ऑक्टोबर १९७३ मध्ये लंडनमध्ये एलबीसी आणि पाठोपाठ कॅपिटल ही व्यावसायिक केंद्रं सुरू झाली. त्या संपूर्ण व्यवस्थेचं नावच 'इंडिपेंडंट लोकल रेडिओ' होतं. त्यानंतर विलीनीकरणं होत गेली आणि नियमही एकेक करून सैल झाले. २०१८ मध्ये नियामक ऑफकॉमने कामाच्या दिवशी स्थानिक कार्यक्रमांची अपेक्षा सात तासांवरून तीन तासांवर आणली आणि 'स्थानिक' क्षेत्राच्या हद्दी मोठ्या केल्या. २०१९ मध्ये ग्लोबल कंपनीने आपल्या मोठ्या नेटवर्कांवरचे इंग्लंडमधले स्थानिक सकाळचे कार्यक्रम बंद करून प्रत्येक नेटवर्कसाठी लंडनहून एकच सुरू केला. बाउअर या दुसऱ्या मोठ्या कंपनीने अनेक छोट्या कंपन्या घेतल्या आणि २०२० मध्ये त्यातल्या पुष्कळ केंद्रांची वर्षानुवर्षांची नावं पुसून एका राष्ट्रीय ब्रँडखाली आणली.

२०२४ च्या माध्यम कायद्याने संगीताचे आणि स्थानिक निर्मितीचे उरलेसुरले नियम हटवले, पण स्थानिक बातम्यांची अट ठेवली आणि बातम्या स्थानिक पातळीवर गोळा केलेल्या असाव्यात यावर भर दिला. सरकारने शेवटी वाचवण्यासारखं म्हणून काय निवडलं, हे यातून कळतं.

सगळ्यात परिणामकारक नियम कोणता?

माझं मत फ्रान्सच्या बाजूने आहे. तिथे खासगी केंद्रांचे ए ते ई असे वर्ग आहेत. ए म्हणजे संस्थांची बिगरव्यावसायिक केंद्रं, बी म्हणजे स्वतंत्र स्थानिक व्यावसायिक केंद्रं, सी म्हणजे राष्ट्रीय नेटवर्कशी जोडलेली पण स्थानिक कार्यक्रम करणारी, डी म्हणजे देशभर एकच कार्यक्रम वाजवणारी विषयवार, बहुतेक संगीताची नेटवर्कं आणि ई म्हणजे राष्ट्रीय सर्वसाधारण केंद्रं. यातली मेख अशी की डी वर्गाला स्थानिक जाहिराती घेता येत नाहीत. गावातल्या दुकानदाराचा पैसा हवा असेल तर गावासाठी रोज ठरावीक तास कार्यक्रम करावा लागतो.

मर्यादा घालणारे नियम वकिलांच्या मदतीने वळवता येतात. 'इतके तास स्थानिक' हा नियम कसाबसा पुरा केला जातो. हा नियम मात्र थेट पैशाच्या वाटेवर उभा आहे. बाहेरची कंपनी कितीही मोठी असो, स्थानिक जाहिरातीचा दर पाडून छोट्या केंद्राला मारण्याचा रस्ता तिला बंद आहे. फ्रान्समध्ये बी वर्गातली स्वतंत्र केंद्रं आजही टिकून आहेत, त्यात या नियमाचा मोठा हात आहे.

भारतात काय स्थिती आहे?

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी १९९५ चा. पहिलं खासगी एफएम केंद्र जुलै २००१ मध्ये बंगळूरला सुरू झालं. खासगी एफएमच्या विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानुसार एका शहरातल्या एकूण वाहिन्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त एका कंपनीकडे असू शकत नाहीत देशभरातही १५ टक्क्यांची मर्यादा होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली गेली. राजकीय आणि धार्मिक संस्थांना परवाना मिळत नाही. पण मालक त्या शहरातला असावा, अशी अट कुठेच नाही.

वाटप लिलावाने होतं, त्यामुळे आधीच खिसा खोल असणाऱ्याचं पारडं जड. एका कंपनीला आपल्या सगळ्या केंद्रांवर तोच कार्यक्रम लावायची मुभाही आहे. आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात. स्थानिक मालकाची खरी ताकद असते स्थानिक बातमी, आणि तीच इथे हाताबाहेर ठेवली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, मातृभाषेतल्या कार्यक्रमांवर भर देत. छोट्या शहरांतल्या उद्योजकांना त्यात खरोखर शिरकाव हवा असेल, तर बातम्यांवरची बंदी उठणं ही पहिली पायरी आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कागदावर मालक स्थानिक, पण केंद्र दुसरंच कोणी चालवतंय, असं होतं का?

सर्रास. परवाना एकाच्या नावावर आणि कार्यक्रम, जाहिरातविक्री, कर्मचारी सगळं दुसऱ्या कंपनीकडे, असे व्यवस्थापन करार अनेक देशांत होतात. मर्यादेत न बसणारं केंद्र हाताशी ठेवण्याची ती बेनामी पद्धत. म्हणून नियामकांनी परवान्यावरचं नाव बघून थांबू नये. जाहिरातीचे पैसे कोणाच्या खात्यात जातात आणि कार्यक्रमप्रमुखाला पगार कोण देतं, हे पाहावं. अमेरिकी नियमांत दुसऱ्याच्या केंद्राचा ठरावीक प्रमाणाहून जास्त कार्यक्रम चालवला, तर ते केंद्र चालवणाऱ्याच्याच खात्यात मोजलं जातं. ही योग्य दिशा आहे.

कम्युनिटी रेडिओ आहे ना. मग व्यावसायिक केंद्रांची इतकी काळजी कशाला?

कम्युनिटी रेडिओ, म्हणजे नफ्यासाठी नसलेली, बहुधा स्वयंसेवकांवर चालणारी छोटी केंद्रं, मोलाचा आहे, पण त्याची ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते. अमेरिकेतल्या लो-पॉवर एफएम या कमी ताकदीच्या केंद्रांना १०० वॅटची मर्यादा आहे आणि जाहिराती घेता येत नाहीत. इतर अनेक देशांतही वॅट किंवा जाहिरातीवर बंधनं आहेत. संपूर्ण जिल्ह्यात पोचणारा सिग्नल आणि पगारी बातमीदार ठेवण्याइतकं उत्पन्न व्यावसायिक केंद्रांकडेच असतं. जनतेच्या लहरींचा मोठा वाटा ज्यांच्याकडे, त्यांनी जबाबदारी स्वयंसेवकांवर ढकलून मोकळं व्हावं हे मला पटत नाही.

पॉडकास्ट आणि स्ट्रीमिंगच्या काळात हा प्रश्न उरलाय का?

उरलाय, फक्त बदललाय. गाणी सगळीकडे मिळतात, त्यामुळे केवळ गाणी वाजवणाऱ्या केंद्राला आता फारसं कारण उरलेलं नाही. ज्या गोष्टी कोणतीही स्ट्रीमिंग कंपनी करणार नाही, त्या स्थानिक आहेत. आणि वीज गेली, मोबाईल टॉवर बंद पडले, तरी बॅटरीवरचा रेडिओ चालतो.

मोठ्या कंपन्यांकडून केंद्रं परत स्थानिक हातांत येतात का?

येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात बेल मीडियाने ४५ रेडिओ केंद्रं विकायचं जाहीर केलं. घेणारे सात जण होते आणि बहुतेक प्रादेशिक कंपन्या. रेडिओचा धंदा बसला म्हणून मोठी कंपनी बाहेर पडते, तेव्हा किंमत उतरलेली असते आणि हीच छोट्यांची संधी असते.

अशी संधी आली तर घेणाऱ्यांनी काय तपासावं?

परवान्याची मुदत किती उरलीय ते आधी. मग टॉवरची जमीन कोणाची आहे ते. पुष्कळ कंपन्यांनी टॉवर आणि जमिनी आधीच वेगळ्या विकलेल्या असतात, आणि केंद्र स्वस्तात मिळालं तरी भाडं जन्मभर भरावं लागतं. स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंतची जोडणी आणि संगीताच्या हक्कांची थकबाकी बघावी. आधीच्या मालकाने जाहिरातदारांना पुढच्या वर्षाच्या सवलती आगाऊ वाटून ठेवल्यात का, हेही विचारावं. ग्राहकयादी चाळताना पाच सगळ्यात मोठ्या जाहिरातदारांना प्रत्यक्ष भेटून यावं. त्यातले दोन जरी जुन्या व्यवस्थापकासाठी थांबलेले असतील, तर उत्पन्नाचा अंदाज बदलतो.

कर्ज घ्यायचंच असेल, तर सगळ्यात वाईट वर्षाच्या उत्पन्नातून हप्ता फिटेल इतकंच घ्यावं. बातमीदाराचा पगार पहिल्या दिवसापासून खर्चात धरावा, पुढे बघू म्हणून ठेवू नये.

आपल्या केंद्राचा मालक कोण, हे कसं शोधायचं?

बहुतेक देशांत ही माहिती खुली आहे. अमेरिकेत प्रत्येक केंद्राची सार्वजनिक तपासणी फाइल आणि मालकीचा अहवाल तिथल्या नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. ब्रिटनमध्ये ऑफकॉम परवानाधारकांची यादी देतं, ऑस्ट्रेलियात नियामक कोणाचं कोणत्या माध्यमावर नियंत्रण आहे याची नोंदवही ठेवतो. भारतात माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या यादीतून कंपनीचं नाव मिळतं आणि कंपनी निबंधकाच्या नोंदींतून संचालकांचं. नाव मिळाल्यावर एक फोन केंद्रालाही करावा आणि स्थानिक बातम्या कोण गोळा करतं, तो माणूस कुठे राहतो, हे सरळ विचारावं.